शेकरूच्या रानात एक दिवस: भीमाशंकरला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भीमाशंकरला जाऊन आलेलं कुणीतरी तुमच्या घरात नक्की असेल. आजी श्रावणात गेली असेल, काकांनी महाशिवरात्रीला तासन् तास रांगेत काढले असतील. त्यांना एकदा विचारून बघा, "शेकरू दिसलं का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "गर्दीच एवढी होती, कुठे बघणार!" देवळाच्या पायऱ्यांपासून थोड्याच अंतरावर दाट रान आहे. तिथे हे शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी खार, डोक्यावरच्या फांद्यांतून उड्या मारत जातं, आणि खाली दर्शन उरकून माणसं परतीच्या गाडीत बसतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना जंगलाची सवय नाही, ट्रेकिंगचा अनुभव नाही आणि पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी यायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगते. इथल्या गावातला वाटाड्या बरोबर घ्या आणि बघायच्या जागांची यादी निम्मी करा. एवढं केलंत तर बाकीची तयारी थोडी कमी-जास्त झाली तरी दिवस चांगला जातो.

जागेची ओळख

भीमाशंकर सह्याद्रीच्या अगदी धारेवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच. पूर्वेकडे डोंगर उतरत उतरत घोड आणि भीमेच्या खोऱ्यांत जातो. पश्चिमेला जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसतं. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे ढग याच कड्याला अडतात, म्हणून इथे धो धो पाऊस पडतो आणि म्हणूनच हे रान बारा महिने हिरवं राहतं. पुण्याहून येताना मंचर-राजगुरुनगरपर्यंत बघितलेलं उघडं माळरान आणि इथली सावली यांत इतका फरक आहे की पहिल्यांदा येणारा माणूस गाडीतून उतरल्यावर क्षणभर गप्पच होतो.

अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. जाहीर करण्यामागे मोठं कारण शेकरू हेच होतं. पण रान टिकलं ते त्याच्या कितीतरी आधीपासून, गावांच्या देवरायांमुळे. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा इथल्या महादेव कोळी समाजाने पिढ्यान् पिढ्या पाळलेला नेम. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या लोकांना त्यांचं मोल कळायला लागलं. आहुपे गावची देवराई बघितलीत तर हे सगळं न सांगता समजतं. एकेका झाडाच्या बुंध्याला दोघांनी मिळूनही कवेत घेता येत नाही.

आणि शेकरू म्हणजे काय? खार, पण तुमच्या अंगणातली नव्हे. शेपटीसकट जवळपास मीटरभर लांब. पाठ तांबूस-तपकिरी, पोट मळकट पांढरं, शेपूट झुबकेदार आणि टोकाला फिकट. हे सहसा जमिनीवर उतरतच नाही. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं वरच्या वर. एका झाडावरून दुसऱ्यावर पंधरा-वीस फुटांची झेप सहज घेतं. म्हणून जिथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडत नाहीत, तिथे त्याचा रस्ता संपतो. रस्ता रुंद करताना दोन झाडं तोडली तर आपल्याला काहीच वाटत नाही. शेकरूसाठी मात्र नदीवरचा पूल पडल्यासारखं होतं.

दिवस कोणता धरायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सगळ्यांत चांगला काळ. हवा थंड, वाट कोरडी आणि धुकं लवकर विरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलतात, अंजनीच्या फांद्यांवर जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ येतात आणि फुलांवर पाखरं तुटून पडतात. एप्रिल-मेमध्ये उतारावर ऊन लागतं, पण करवंदं, जांभळं, आंबे पिकलेले असतात आणि शेकरू खाण्याच्या नादात बराच वेळ एका जागी राहतं. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरताना पठारांवर सोनकी आणि तेरडा फुलतो. फुलांसाठी जायचं तर तेव्हा जा.

भर पावसात, म्हणजे जून ते ऑगस्ट, पहिली भेट ठेवू नका. दहा हातांवरचं झाड दिसत नाही, तिथे प्राणी कुठून दिसणार? वनविभागही या दिवसांत काही वाटा आणि धबधबे बंद ठेवतो. तशी पाटी दिसली तर बाजूच्या चोरवाटेने जायचा मोह धरू नका. हा भाग पावसात किती कठोर होतो ते आंबेगाव तालुक्याने पाहिलं आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच डोंगररांगेतलं माळीण गाव दरड कोसळून गाडलं गेलं आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. इथले लोक जेव्हा म्हणतात, "आज नको, डोंगर पाणी पिऊन बसलाय," तेव्हा ते ऐकायचं असतं.

वार निवडतानाही विचार करा. सोमवार नको. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. श्रावण आणि महाशिवरात्रीचे दिवस देवासाठी राखून ठेवा. मंगळवार ते गुरुवार रजा टाकता आली तर रान जवळजवळ तुमच्या एकट्याचं असतं. देवळाच्या परिसरात काही कामं चालू असतील किंवा दर्शन बंद असेल, तर त्याचा वाहतुकीवरही परिणाम होतो. निघायच्या दोन दिवस आधी वाटाड्यालाच फोनवर विचारून घ्या.

वाटाड्या कसा शोधायचा, आणि का शोधायचा

पहिल्यांदा मी भीमाशंकरला वाटाड्याशिवाय गेले होते. मैत्रीण आणि मी, दोघीच. रानातल्या गुप्त भीमा या ठिकाणापर्यंतची वाट मळलेली आहे, कुणीही जाऊ शकतं. तिथून पुढे एक पाऊलवाट दिसली, पायाखाली छान वाटली, म्हणून चालत राहिलो. ती होती ढोरवाट. गुरं चरायला जातात तिकडे ती जाते आणि जिथे गवत संपतं तिथे तीही संपते. दुपारी दोनला धुकं उतरलं आणि आम्हाला देऊळ कुठल्या दिशेला तेही सांगता येईना. फोनला रेंज नाही. दोन तासांनी मोळी घेऊन येणाऱ्या एका मावशींचा आवाज ऐकू आला. त्या आम्हाला वाटेवर आणून सोडेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "बायांनो, विचारायचं होतं ना कुणाला." त्यानंतर मी कधीही न विचारता गेलेले नाही.

दुसरा अनुभव उलट्या बाजूचा. एका सहल कंपनीबरोबर गेले. पंचेचाळीस माणसं, एक शिट्टी आणि पाच 'पॉइंट'. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं. बसमध्ये गाणी लावली होती आणि उतरल्यावरही एकाच्या खिशात ती चालूच होती. दिवसभरात एक वानर दिसलं, तेही कचऱ्याच्या डब्यावर. मार्गदर्शकासह गेलो होतो खरं, पण तो मार्गदर्शक माणसं मोजायला होता, जंगल दाखवायला नव्हता. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं विचारा: गटात माणसं किती? आठाच्या वर असतील तर सोडा. बरोबर गावातला माणूस असणार का? एका दिवसात किती ठिकाणं? उत्तर "सहा-सात" आलं तर तिथेही नमस्कार करा.

गावातला वाटाड्या मिळवायला फार खटपट लागत नाही. वनविभागाच्या चौकीवर विचारा. कोंढवळ, निगडाळे, आहुपे या गावांतली पोरं आणि बाप्ये हे काम करतात. पर्यटक राहतात त्या घरगुती निवासांमधूनही नाव मिळतं. फोनवर बोलताना मी चार गोष्टी स्पष्ट करते: आम्ही किती जण, त्यांत लहान मूल किंवा गुडघे दुखणारं कुणी आहे का, आम्हाला चालण्यापेक्षा बघण्यात रस आहे, आणि दिवसाचे पैसे किती. पैसे आधी ठरवा आणि ठरल्यावर घासाघीस करू नका. हा माणूस तुमच्यासाठी दिवसाचं शेतातलं काम सोडून येतो. जेवण त्याच्याच घरी करणार असाल तर त्याचे वेगळे द्या.

पुढची अडचण बोलण्याची. शहरातली माणसं वाटाड्याला हाक मारतात "ए गाइड". असं करू नका. वयाने मोठे असतील तर मामा किंवा बाबा, बरोबरीचा असेल तर दादा. मी ज्यांच्याबरोबर नेहमी जाते त्यांना मामाच म्हणते. त्यांच्या बोलण्यात येणारी झाडांची, पाखरांची नावं पुस्तकातल्या नावांहून वेगळी असतात. ती लिहून घ्या. नंतर घरी पुस्तक उघडून जुळवत बसणं हा वेगळाच आनंद आहे.

पोहोचायचं कसं

पुण्याहून दोन रस्ते. एक राजगुरुनगर, वाडा, तळेघर असा, दुसरा मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर असा. अंतर ११० ते १२५ किलोमीटर, वेळ साडेतीन तास धरा. मी जाताना मंचरचा रस्ता धरते, कारण डिंभे धरणाचं पाणी सकाळच्या उजेडात बघायला मिळतं. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि गेले. लहान मुलं बरोबर असतील तर गाडी थांबवून ही गोष्ट जरूर सांगा.

एसटी पुण्याहून थेट भीमाशंकरला जाते, पण तिने गेलात तर सकाळची पहिली वेळ हुकते. त्यावर उपाय म्हणजे आदल्या रात्री तळेघर किंवा घोडेगावला मुक्काम. मुंबईकरांना खाली कोकणातल्या खांडस गावाहून चढून येण्याचा मोह होतो. तिथून दोन वाटा आहेत. गणेश घाट चार-पाच तासांची चढण आहे आणि शिडी घाट नवख्यांचा नव्हेच. चढून आल्यावर अंगात प्राणी बघायची ताकद उरत नाही. चढाई हा वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम ठेवा.

अभयारण्यात प्रवेशशुल्क भरावं लागतं. पावती खिशात ठेवा, पुढे चौकीवर विचारतात. आतल्या काही भागांत जायला वनविभागाची परवानगी लागते. वाटाड्या "तिकडे जाता येत नाही" म्हणाला तर हट्ट करू नका. तुम्ही संध्याकाळी निघून जाता, वनरक्षकाला तोंड त्याला द्यावं लागतं.

पिशवीत काय

दोन लिटर पाणी, पायाला सवयीचे झालेले बूट (नवे कोरे नकोत), टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घाला, पांढरा आणि भडक लाल नको. अत्तर, डिओ लावू नका. याचं कारण फक्त प्राण्यांचं नाक नाही. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी ती उठतात. अशा माशा उठल्या तर जंगलात पळायलाही जागा नसते. मोहोळ दिसलं की बोलणं बंद करून मागे फिरा.

दुर्बीण मात्र हवी. नसेल तर कुणाची मागून न्या. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण पुष्कळ झाली, जास्त मोठी केलीत तर हात थरथरतो आणि पाखरू सापडत नाही. घरी आधी आठवडाभर गॅलरीतून कावळे-साळुंक्यांवर सराव करा. डोळ्यांनी पाखरू धरून ठेवायचं, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची, एवढीच युक्ती आहे. ती जमेपर्यंत दुर्बीण असूनही नसल्यासारखी.

वेफर्सची पाकिटं नेऊ नका. देवळाजवळची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात आणि हातातून ओढून नेतात. खायला चपाती-भाजी, गूळ-शेंगदाणे, केळी डब्यात न्या आणि साली परत आणा. कुठल्याही प्राण्याला खायला देऊ नका, तो कितीही आशेने बघत असला तरी. आपण दिलेल्या खाण्याने माकडं रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली जातात.

सकाळ: चालायचं कमी, थांबायचं जास्त

पुण्याहून पहाटे साडेचारला निघा म्हणजे आठपर्यंत वर पोहोचता. शेकरू सकाळी आणि दुपारी उशिरा फिरतं. मधल्या उन्हाच्या वेळी फांदीवर पसरून झोपतं. त्यामुळे आठ ते अकरा हे तुमचे सोन्याचे तीन तास. दर्शन घ्यायचं असेल तर ते दुपारी ठेवा. देव थांबतो, शेकरू थांबत नाही. पायऱ्या उतरून दुपारी गेलात की वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी दिलेली पोर्तुगीज घंटाही निवांत बघता येईल.

पहिल्या भेटीत साक्षी विनायक ते गुप्त भीमा हीच वाट धरा. चालायला सोपी आणि दोन्हीकडे उंच झाडं. इथेच भीमा उगम पावून पुढे जमिनीखाली लपते आणि परत वर येते असं मानतात. पुढे पंढरपुरात हीच चंद्रभागा होते.

रानात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही. हे सगळ्यांचं होतं. शहरातली नजर समोर बघायला शिकलेली असते, इथे वर बघायचं असतं. आधी घरटी शोधा. फांदीच्या अगदी टोकाकडे, जिथे बिबट्या किंवा साप सहज पोहोचणार नाही तिथे, काटक्या आणि पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा दिसेल. एक शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बांधतं, कधी सहा-आठसुद्धा. एकात झोपतं, एकात पिल्लू वाढवतं. पानं अजून हिरवी असतील तर ते घरटं वापरातलं. वाळून करडी झाली असतील तर पुढे चला.

मग कान. शेकरूचा आवाज म्हणजे कुणीतरी लाकडी खुळखुळा जोरात हलवावा तसा, सलग आणि खडखडीत. त्याच्या जोडीला कुटुरगा पक्ष्याचं न थकता चाललेलं "कुटुर्र कुटुर्र". ओढ्याच्या बाजूला माणसाने सहज शीळ घालावी तसा सूर आला तर तो शीळकरी कस्तुर हा पक्षी. वानर एकदम "खॅक खॅक" करू लागलं किंवा भेकर, म्हणजे इथलं छोटं हरीण, कुत्र्यासारखं भुंकलं, तर मामा हात वर करतात आणि सगळे जागीच थांबतात. बिबट्या जवळून गेला असेल तर रान असं सांगतं. बिबट्या दिसेलच असं मनात धरून जाऊ नका. तो तुम्हाला बघतो, एवढं पुरे.

एका फेब्रुवारीत मामा चालता चालता वाकले आणि वाटेवरून काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. अर्धं खाल्लेलं उंबर. एका बाजूला दातांच्या बारीक खाचा, कडेला पांढरा चीक, आणि तो चीक अजून वाळलेला नव्हता. बोटाला चिकटत होता. "उष्टं आहे ताई. आत्ताचं." मग त्यांनी नुसती हनुवटी वर केली. आमच्या बरोबर डोक्यावर, दोन माणूस उंचीवर असेल, शेकरू मागच्या पायांनी फांदीला धरून उलटं लटकलं होतं. पुढच्या दोन्ही पंजांत दुसरं उंबर. फळ फिरवून फिरवून खात होतं, जसं लहान मूल कणीस खातं. शेपूट फांदीच्या पलीकडे लोंबत होती, तोल सांभाळायला. खाताना बारीक तुकडे खाली पडत होते, एक माझ्या खांद्यावर पडला. मैत्रिणीने फोन काढला तेव्हा पिशवीची चेन वाजली. शेकरू खायचं थांबलं आणि फांदीला असं चिकटलं की साल आणि पाठ वेगळी दिसेना. आम्ही श्वास धरून उभे. तीन-चार मिनिटांनी त्याने परत खायला सुरुवात केली. तेव्हा आम्हाला कळलं की आपल्याला माफी मिळाली.

म्हणून सांगते: उष्टी फळं, ताज्या सालीचा भुगा किंवा हिरवं घरटं दिसलं की तिथेच बसा. वीस मिनिटं, घड्याळ लावून. गप्पा नको, फोन आधीच आवाज बंद करून वरच्या खिशात. आठ जणांच्या गटाला हे सगळ्यांत अवघड जातं. पण बसलेल्या माणसासमोर रान उघडतं, चालणाऱ्यासमोर नाही. आधी शिलिंध्री हे छोटं पाखरू खोडावरून खाली डोकं करून उतरतं, मग स्वर्गीय नर्तक पक्षी शेपटीची पांढरी फीत ओढत जातो, काळ्या-निळ्या पंखांचं निलवंत फुलपाखरू ओल्या मातीवर येऊन बसतं. २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे. मोबाइलवर पाखरांचे आवाज लावून त्यांना बोलवायचा प्रकार कुणी सुरू केला तर थांबवा. विणीच्या दिवसांत त्या आवाजाने ती सैरभैर होतात आणि घरटं उघडं टाकून येतात.

चालताना आधारासाठी फांदी धरायची सवय सोडा. हिरव्या फांदीवर हिरवा चापडा साप बसलेला असतो आणि तो हलत नाही. काठी हाताशी ठेवा, पाऊल टाकण्याआधी वाट बघा. एवढी काळजी घेतलीत तर घाबरायचं काही नाही.

दुपार

अकरानंतर वाटाड्याच्या गावी जा. आधी सांगितलं असेल तर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, रानभाजीचे दिवस असतील तर तीही. ओसरीवर बसून जेवताना अंगणात काय वाळत पडलं आहे ते बघा. हिरड्याच्या हंगामात बाळहिरडा पसरलेला असतो, काळसर, सुरकुतलेला, मनुकेपेक्षा मोठा. या गावांना हंगामात हातात येणारा रोख पैसा बराचसा हिरड्यावर असतो. हिरड्याची झाडं उभी राहतात तिथे शेकरूचीही वाट राहते. एक दाणा चावून बघा. तोंड आधी तुरट होईल, मग पाणी प्यालात की पाणी गोड लागेल. हे मला मामींनी शिकवलं.

दुपारी तासभर पडा. खरंच पडा, पहाटे चारला उठलेला आहात.

कडा

तीननंतर नागफणी या कड्याच्या टोकाला जा. हनुमान तळ्याच्या बाजूने वाट आहे, शेवटी थोडी चढण. वर पोहोचलात की कोकण पायाखाली येतं. सरळ खाली पदरगडाचे सुळके, लांब माथेरानचं पठार. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा स्वच्छ असते, मार्चनंतर धुरकट होते आणि दूरचं दिसत नाही. पोहोचल्यावर पहिल्यांदा खाली बसा, उभ्याने कडेला जाऊ नका. वारा खालून वर येतो, त्याचा झोत कधी वाढेल सांगता येत नाही. कडेचं गवत वाळल्यावर साबणासारखं निसटतं. फोटो काढताना कुणी मागे मागे सरकत असेल तर वाटाड्या ओरडेल. तो उद्धटपणा समजू नका.

याच वाऱ्यावर गरुड तरंगतात. सर्पगरुडाची लांब शीळ ऐकू आली की वर बघा, पंखांखाली पांढरा पट्टा दिसेल. आणि वाळल्या दिवसांत इथे कुणी सिगारेट काढली तर हातातून घ्या. एका ठिणगीने अख्खा उतार वणव्यात जातो आणि जमिनीजवळ घरटी करणारी पाखरं होरपळतात.

परत

पाचला खाली उतरायला लागा. अंधारात रानात राहायचं नाही, अभयारण्यात तशी परवानगीही नसते. पावसाळ्यात इथल्या कुजलेल्या लाकडांवर रात्री चमकणारी बुरशी दिसते, त्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. ते बघायचं तर पुढे कधीतरी वनविभागाच्या परवानगीने आणि मुक्काम करूनच.

वाटाड्याचे पैसे ठरल्याप्रमाणे त्याच्या हातात द्या, आणि त्याने दाखवलेलं एखादं झाड किंवा पाखरू तुम्हाला आवडलं असेल तर तसं तोंडाने सांगा. त्याचा नंबर ओळखीच्या माणसांना द्या. पुढच्या बुधवारी त्याला काम मिळेल.

गाडीत बसल्यावर पाच मिनिटं काढून तारीख, वेळ, जागा आणि काय दिसलं ते लिहून ठेवा. तळेघरपर्यंतचा रस्ता दोन्हीकडून झाडीतूनच जातो. काचा खाली करा, हॉर्न वाजवू नका, तीसच्या वर वेग नेऊ नका. संध्याकाळी भेकरं आणि ससे रस्ता ओलांडतात, आणि वळणापलीकडे काय उभं असेल ते दिव्यात येईपर्यंत दिसत नाही.